पाचशे बहात्तर आठवडे

१

झेंडावंदन आटोपलं होतं, जिलेबीचे पुडे अजून सुटायचे होते, आणि सातघर तालमीच्या दारात आदर्श पाटोळे चांदीची गदा घासत बसला होता. पांढरी पूड, ओलं फडकं आणि अंगात नको इतका उत्साह. दहा-बारा हात मारले तशी गदेच्या गोलावर पिवळी छटा उठली. त्याला वाटलं, जिलेबीचा हात लागला. त्यानं आणखी जोर लावला, तर डाग तळहाताएवढा झाला.

"काका, ही चांदी न्हाय," तो हळूच म्हणाला. "आत पितळ हाय."

कोल्हापुरात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही म्हणतात, पण हे वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. तालमीचे सेक्रेटरी हंबीरराव हातातला पुडा खाली ठेवून धावले. त्यांनी गदा उलटी केली, सुलटी केली, नखानं खरवडली. चांदीचा नुसता मुलामा होता आणि तोही पातळ.

ही गदा पैलवान विजयसिंह इंगवल्यांची. ऐन तारुण्यात त्यांनी ती मैदान मारून आणली आणि भरल्या गल्लीसमोर तालमीला देऊन टाकली. तेव्हापासून ती तालमीतल्या लोखंडी कपाटात असते आणि वर्षातून मोजक्या दिवशी बाहेर येते. तालीम आणि कपाट, दोन्हींच्या किल्ल्या एकाच कडीत. ती कडी म्हणजेच 'चावी', आणि ती सात घरांत फिरते. ज्या सात घरांनी खांद्यावर दगड वाहून तालीम उभारली, त्यांचा तो मान. दर शनिवारी सकाळी मारुतीला तेल घातलं की चावी पुढच्या घरी जायची. महापुरात ती होडीतून गेली, टाळेबंदीत उंबऱ्यावर ठेवून गेली, पण पाळी कधी चुकली नाही. आणि ज्याची पाळी, त्यानं चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

"संयोगिताला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

बोलवायची गरज नव्हती. संयोगिता इंगवले म्हणजे विजयसिंहांची पुतणी, ती त्यांना तात्या म्हणायची. विम्याचे दावे खरे की बनावट हे शोधून काढणं हा तिचा धंदा, त्यासाठी राजारामपुरीत एक छोटं ऑफिस. चाळिशी आली तरी पायाला भिंगरी. बसून विचार करणं तिला जमतच नसे, त्यामुळे ती आधीच गर्दीत घुसून गदेभोवती फिरत होती. तिनं गोलावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि थांबली.

"पोचा कुठाय?" तिनं विचारलं.

गदा जिंकली त्या मिरवणुकीच्या दिवशीच ती ट्रकच्या फाळक्यावर आपटून तिला अंगठा बसेल एवढा पोचा पडला होता. तात्या तो पोचा पैलवानाच्या चिरडलेल्या कानासारखा मिरवायचे. लहानपणी संयोगिता त्यात अंगठा घालून बसायची. ही गदा मात्र कोऱ्या ताटासारखी गुळगुळीत होती.

"मुलामा उडाला न्हाय काका," ती म्हणाली. "गदाच बदललीया."

२

कधी बदलली हे शोधायला फार वेळ लागला नाही. आदर्शला पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं होतं, त्यामुळे तालमीतला एकूण एक फोटो त्यानं कधी ना कधी फेसबुकवर चढवला होता. संयोगिता बोटानं वर्षं मागं सरकवत गेली. गेल्या वर्षीच्या फोटोत पोचा नव्हता. त्याआधीच्या वर्षी नव्हता. असं करत ती दोन हजार चौदाला पोचली आणि तिचं बोट थांबलं.

त्या साली ऑगस्टमध्ये दोन फोटो होते. दहा तारखेचा पहिला, विजयसिंहांच्या सत्काराचा. तात्या तेव्हा अंथरुणाला खिळले होते, म्हणून खुर्चीवर नुसती गदा ठेवून हार घातला होता. पोचा स्वच्छ दिसत होता. दुसरा पंधरा ऑगस्टचा, झेंड्याखालचा. त्यात पोचा नव्हता. मधे एकही शनिवार आला नव्हता, म्हणजे चावी एकाच घरात होती.

"कुणाच्या?" आदर्शनं विचारलं.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका आठवड्याला चावी कुणाकडे होती हे कुणाला आठवणार? लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. पण हंबीररावांची हयात सहकारी बँकेत गेली होती. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"पाळी चुकलेली न्हाय, मग मोजायला काय लागतंय? अकरा वर्षं. वर्षाचे आठवडे बावन्न. बावन्न अकरे पाचशे बहात्तर. सातनं भागा, बाकी पाच. म्हंजे आजच्या घरापास्नं पाच घरं मागं."

आज चावी संयोगिताच्याच घरी होती, तिच्या वडिलांकडे, आण्णांकडे. हंबीरराव एकेक बोट मिटत गेले. पहिलं त्यांचं स्वतःचं घर, मग तीन घरं गल्लीच्या वरल्या अंगाची. पाचवं बोट मिटताना त्यांनी चष्मा उतरवला.

"मौला," ते म्हणाले.

मौला जमादार सत्तरीचा माणूस. शुक्रवार म्हणून पांढरा कुर्ता घालून आला होता, नातीसाठी जिलेबीचा पुडा घेऊन उभा होता. त्यानं आधी मागं वळून पाहिलं, जणू दुसरा कुणी मौला मागं उभा आहे.

"त्याच साली पत्रा काढून स्लॅब टाकला की ह्यांनी," आदर्श म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं असावं, कारण तो लगेच फडकं पिळायला लागला.

मौला बाकावर बसला. शेजारी आण्णा बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. आठवड्यापूर्वीच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दोघं एकाच वयाचे, एकाच मातीत लोळलेले.

"आण्णा, तू तरी बोल की," मौला म्हणाला.

"बघू संध्याकाळी," आण्णा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

संध्याकाळी सहाला बैठक ठरली. जमादारांचं घर पाळीतून काढायचं, हा एकच विषय. हंबीररावांनी संयोगिताला बाजूला घेतलं. "पोरी, हिशोब माझा चोख हाय. तरी तू एकदा खात्री कर. चार पिढ्यांचा मान जायचा हाय माणसाचा."

३

ती आधी आदर्शकडे गेली. विम्याच्या कामानं तिला शिकवलं होतं, की जो सगळ्यात आधी दुसऱ्याचं नाव घेतो त्याला सगळ्यात आधी विचारावं.

"आज घासायला तूच कसा बसलास?"

"दरवर्षी आण्णा बसतात की. ह्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून मी." आदर्श वैतागला होता. "आन् घासणं कसलं? मऊ कापडानं नुसतं पुसायचे. पावडरीला हात लावू द्यायचे न्हाईत, चांदी झिजती म्हणायचे. मला वाटलं, एकदा लखलखीत करूया. आता वाटतंय, झक मारली आन् पावडर आणली."

"मौलाचाचांवर संशय पहिल्यापासून होता का?"

"संशय न्हवता गं. स्लॅबचं तोंडातनं गेलं." त्यानं मान खाली घातली. "माझ्या घराची पाळी आण्णांच्या पाठोपाठ, आन् आमच्या पाठोपाठ मौलाचाचांची. लहानपणी चावी पोचवायला बाबांसंगं मी बी जायचो त्यांच्याकडं. चाची हातावर खारीक ठेवायची."

मग हंबीरराव. गणित त्यांनी मांडलं होतं, आणि ज्याच्या हाती गणित त्याला कुणाच्याही दारात नेऊन सोडता येतं. बारा घरचं पाणी प्यालेली संयोगिता अशा गोष्टीला भुलणारी नव्हती. उभ्या उभ्या तिनं मोबाइलवर आकडे मारले. बावन्न गुणिले अकरा, पाचशे बहात्तर. भागिले सात, बाकी पाच. सगळं बरोबर होतं.

"झाली खात्री?" हंबीररावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "माझ्या लग्नात मौला माझा घोडा धरून चाललावता. मला काय हौस हाय व्हय?"

ती बाहेर पडली आणि गल्लीत वर-खाली चालू लागली. काहीतरी टोचत होतं. चपलेत खडा गेल्यासारखं, दिसत नाही आणि चालूही देत नाही. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, आणि उत्तर मौलाचाचा? हे तिच्या मनाला पटेना. पण मनाला पटत नाही म्हणून विमा कंपनी दावा मंजूर करत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

मौलाच्या दाराला दिवसाढवळ्या आतून कडी होती. तिनं कडी वाजवली.

४

दार लालबीचाचीनं उघडलं. नेहमी 'ये बाळ' म्हणणारी बाई आज नुसती बाजूला सरली. आत मौला नमाजाला निघायच्या तयारीत होता. टोपी हातात घेऊन तसाच उभा होता.

"जाऊ का नको, कळंना झालंय," तो म्हणाला. "गल्लीतनं जायला लागतंय की."

संयोगितानं सरळ कामाचं विचारलं. "चाचा, दोन हजार चौदाच्या ऑगस्टात चावी तुमच्याकडे होती?"

"हुती," मौला म्हणाला. "खोटं कशाला बोलू? त्या म्हयन्यात आमची पाळी हुती, मला चांगलं आठवतंय. म्हणूनच तर तोंड गप झालं माझं."

झालं. गुन्हेगारच कबूल करतो म्हटल्यावर उरलं काय? संयोगिताला एकदम थकवा आला. पण लालबी चुलीकडून म्हणाली, "सगळं सांगा की. अर्धं काय सांगताय?"

"काय सगळं?"

"नुजहत झाली तवाचं." लालबी आता संयोगिताकडे वळली. "आमच्या सुनंला दवाखान्यात नेलतं. हे बी तिकडंच. आन् इकडं तालमीचा गणपती दारात येऊन थांबलेला. ढोलवाले दमले, बायका पंचारती घिऊन उभ्या, आन् दाराला कुलूप. चावी ह्यांच्या खिशात. नात झाली म्हणून कळलं, तसं हे पळत आले, दार उघडलं, आन् गणपती आत गेला. गल्ली म्हणाली, मौला, तुझ्या घरी लक्ष्मी आली, आमच्या घरी गणपती आला. हातात दुसरं काय न्हवतं म्हणून गुलालच लावला ह्यांना."

मौला हसला. सकाळपासून पहिल्यांदा हसला असावा, आणि लगेच गंभीर झाला. "पत्रा काढून स्लॅब टाकला तो बी नातीसाठी. पोरग्याला नोकरी लागलीती, त्यानं टाकला."

आतल्या खोलीतून परकरातली नुजहत डोकावत होती. आजोबांना कुणी काय म्हणालं ते तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. जिलेबीचा पुडा तिच्या हातात होता, पण तो तिनं अजून उघडला नव्हता.

"कितवा वाढदिवस गं आता?" संयोगितानं विचारलं.

"अकरावा," ती म्हणाली. "एकोणतीसला."

"एकोणतीस ऑगस्टला?"

"व्हय की."

संयोगिता ताडकन उठली. खुर्ची मागं पडली, ती उचलायचंही तिला सुचलं नाही. "चाचा, नमाजाला जावा. मान वर करून जावा," एवढं म्हणून ती बाहेर पडली.

५

रंकाळ्याच्या काठानं ती तरातरा चालत होती आणि चालता चालता बोटं मोजत होती. भेळवाल्यांनी तिच्याकडे बघितलंही.

चावी सात घरांत फिरते. म्हणजे एकदा आली की पुन्हा सात आठवड्यांनी. एकोणतीस ऑगस्टला गणपती आला तेव्हा ती मौलाचाचांच्या खिशात होती, त्याला अख्खी गल्ली साक्ष. मग दोनच आठवडे आधी, पंधरा ऑगस्टला, ती त्याच घरात असूच शकत नाही. म्हाताऱ्याला महिना आठवला होता, तारीख नव्हे. हंबीररावांचा हिशोब पंधरा तारखेऐवजी दोन आठवडे पुढं, एकोणतीसला जाऊन भिडला होता.

पण दोन आठवडे गेले कुठं?

ती थांबली, आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. शाळेतलं पोरही सांगेल. वर्षाचे बावन्न आठवडे, पण बावन्न साते तीनशे चौसष्ट. वर एक दिवस उरतो. तो एक दिवस सगळे सोडून देतात, कारण एका वर्षात त्यानं काही बिघडत नाही. अकरा वर्षांत असे अकरा दिवस साठतात. त्यात लीप वर्षं आली तीन, त्यांचे आणखी तीन. चौदा दिवस. बरोबर दोन आठवडे. पाचशे बहात्तर नव्हेच, पाचशे चौऱ्याहत्तर.

तिनं मोबाइलवर जुना फोटो परत उघडला. झेंड्याखाली मौलाचाचा उभे होते, पांढऱ्या कुर्त्यात. तेव्हाही शुक्रवार होता आणि आजही शुक्रवार. तारीख तीच, वार तोच. तिनं पाचशे चौऱ्याहत्तरला सातनं भागलं.

बाकी शून्य.

शून्याचा अर्थ लागायला तिला क्षणभरही लागला नाही, आणि तो लागू नये असं मात्र फार वाटलं. मागं मोजायला एकही घर नव्हतं. आज चावी ज्या घरी, अकरा वर्षांपूर्वीही त्याच घरी. ती चावी सकाळी तिनं स्वतः पाहिली होती, स्वयंपाकघराच्या दाराशी, खिळ्याला.

आणि मग बाकीचं सगळं न बोलावता येत गेलं. पावडर लावू न देणारे आण्णा. अकरा वर्षं दुसऱ्या कुणाला गदेला हात न लावू देणारे आण्णा. दहा तारखेला अंथरुणाला खिळलेले तात्या, आणि बारा तारखेला, मंगळवारी, नाशिकला ट्रेनिंगमध्ये असताना तिला आलेला फोन. ती पोचली तोवर चिता विझली होती.

६

आण्णा पलंगावर बसले होते. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, ते एक बरं होतं.

"आण्णा, गदा कुठाय?"

त्यांनी भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे तोंड केलं. "त्याला निस्ती बघायची हुती. पाळी आपली हुती. सोमवारी टॉवेलात गुंडाळून आणली. रातभर छातीवर घिऊन पडला. सकाळी म्हणाला, ही माझ्यासंगं दे. आन् गेला."

"तालमीला विचारायचं होतं."

"काय विचारू? त्यानं सगळ्या गल्लीम्होरं दिलेली वस्तू. दिल्यालं माघारी मागायचं कसं? पैलवानाची जात हाय आपली." आण्णांनी फोटोवरून तोंड फिरवलं. "रक्षा सोडली त्याच डोहात सोडली. बक्षिसाच्या गदा दुकानात तयारच मिळत्यात. नाव कोरून घेटलं. पोचा काय मला पाडता आला न्हाय."

संयोगिताला रडू आलं. तात्यांसाठी आलं, त्या रात्री छातीवर गदा घेऊन पडलेल्या माणसासाठी आलं. आण्णांनी हे एवढंच केलं असतं तर तिनं त्यांना मिठी मारली असती.

"आणि मौलाचाचा?" तिनं विचारलं.

"चार दिस बोलतील लोक. मग इसरतील. मौला निभावून नेईल, त्याचा सभाव तसाच हाय." त्यांनी चष्मा सारखा केला. "ह्या वयात मला चोर म्हणवून घेणं व्हायचं न्हाय गं."

"म्हणजे त्यांना व्हायचं?"

बाहेर गल्लीत माणसं तालमीकडे निघाल्याचे आवाज यायला लागले.

"सहाला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगीन."

७

तालमीत माणूस मावत नव्हता. आण्णा सकाळच्याच जागी बसले होते, मौलाच्या शेजारी. हंबीररावांनी विषय वाचला आणि कुणाला बोलायचं आहे का म्हणून विचारलं. संयोगितानं आण्णांकडे बघितलं. सगळी तालीम गप्प होती आणि आण्णाही गप्प होते. तिनं वाट पाहिली. विनवणी करावी तशी वाट पाहिली. शेवटी ती उठली.

तिनं नुजहतचा वाढदिवस सांगितला, गणपतीचं सांगितलं. माणसं माना डोलवायला लागली, कारण ढोलवाले दमले होते ते आता बऱ्याच जणांना आठवलं. मग तिनं वर्षातला तो एक दिवस सांगितला. हंबीररावांनी बोटं मोजली आणि कपाळाला हात लावला.

"मग कुणाचं घर?" आदर्शनं विचारलं.

"आज चावी ज्याच्या घरी आहे, त्याचंच."

माना वळायच्या आधी आण्णा उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. बोलून झालं तेव्हा दोन-तीन म्हातारे धोतरानं डोळे पुसत होते. विजयसिंहाची गदा विजयसिंहाबरोबर गेली, हे ऐकून कुणाला राग येईना.

हंबीरराव मौलाकडे वळले. "तू सांग. इंगवल्यांचं घर पाळीत ठेवायचं का न्हाय, तुझ्यावर सोडलं."

मौला बसूनच बोलला. "गदा दिलीस ते बरं केलंस आण्णा. विजूदाची हुती, त्याच्यासंगं गेली. मला बोलला असतास तर मी बी नदीवर आलो असतो. माझं त्याबद्दल काय म्हणणं न्हाय." तो थांबला. "पर सकाळधरनं मी चोर हुतो. आन् तू माझ्या शेजारी बसून चहा प्यालास."

आण्णांनी हात पुढं केला. मौलानं तो धरला नाही आणि झिडकारलाही नाही. तो हंबीररावांकडे बघत म्हणाला, "पाळी घराची हाय, घर राहू द्या. पर चावी ह्याच्या हातात नको. पोरीच्या द्या."

आजवर सात घरांत बाईच्या हाती चावी कधी गेली नव्हती. कुणी हरकत घेतली नाही. संयोगिताला हा मान असा नको होता, पण नको म्हणायलाही तिच्याकडे तोंड नव्हतं.

घरी आल्यावर आण्णांनी खिळ्यावरून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. मग दारातच उभे राहिले. आयुष्यात त्यांनी तिला कधी काही विचारून केलं नव्हतं.

"मौलाकडं जाऊन येऊ?" त्यांनी विचारलं.

"आज नको आण्णा," ती म्हणाली. "आज ते दार उघडायचे नाहीत."

आण्णांनी मान हलवली आणि ते पायरीवर बसून राहिले. तिथून जमादारांचं दार दिसत होतं.